न सुटलेला माल

९ जानेवारी

काझीसाहेब यांस,

कॉलेजच्या मेसमधल्या भांडणांचे निवाडे तू करायचास म्हणून आम्ही तुला काझी म्हणायला लागलो. तू ते इतकं मनावर घेतलंस की खरोखरच धर्मशास्त्र शिकून बिनव्याजी बँकेच्या शरिया मंडळावर जाऊन बसलास. मला तुम्ही सरासरी म्हणायचात, आणि मी अर्थशास्त्र शिकवत आजवर सरासऱ्याच काढते आहे. नावं ठेवणाऱ्यांनी आपली चांगली सोय लावली म्हणायची.

कामाचं मेलवर आणि आपलं कागदावर असा आपला करार आहे. पण हे काम थोडं आपल्यातलं आहे. शिवाय बँकेतला तुझा मेल चौघं वाचतात असं तूच म्हणाला होतास.

तर, बंदरावर आलेला माल सुटायला उशीर का होतो यावर मी गेली दोन वर्षं खपते आहे. जहाज लागतं, कंटेनर उतरतो आणि यार्डात पडून राहतो. तपासणी राहिली, कागद अपुरे, सही करणारे साहेब रजेवर. ही कारणं सगळ्यांना पाठ आहेत. मला वेगळंच पाहायचं आहे. उशिराची झळ ज्याला बसते तो माल सोडवायला जास्त धावतो का? साध्या बँकेच्या कर्जावर माल आणला तर पडून राहिलेल्या दिवसांचं व्याज आणणाऱ्याच्या डोक्यावर चढतं. बँक निवांत असते. तुमच्याकडे व्याजच नाही. मग झळ कोणाला बसते? तुमच्या व्यापार विभागानं आपल्या नोंदी दिल्या तर मला दोन्हींची तुलना करता येईल. तू शब्द टाकशील का?

बाकी ठीक. माझी नवी खोली लिफ्टच्या यंत्राला खेटून आहे. कोणी वरच्या मजल्यावर गेलं की माझं टेबल थरथरतं. आईनं तुझी चौकशी केली आहे. तिच्या लेखी तू अजून ‘तीनदा भात घेणारा मुलगा’ आहेस.

तुझी,
सरासरी

२ फेब्रुवारी

प्रिय सरासरी,

शब्द टाकला. विभागप्रमुख लगेच हो म्हणाले. विद्यापीठाचं नाव आपल्या अहवालात आलेलं त्यांना हवं आहे. फक्त छापण्याआधी मजकूर बँकेला दाखवायचा, एवढी अट आहे. तेवढं लिहून दे.

आता तुझा प्रश्न. आईंनाही समजेल असं सांगतो, म्हणजे तुला नक्की समजेल. तुला परदेशातून यंत्र आणायचं आहे आणि पैसे नाहीत. साधी बँक तुला पैसे देते आणि वर व्याज घेते. आम्ही पैसे देत नाही. आम्ही ते यंत्र स्वतः विकत घेतो आणि थोडा नफा ठेवून तुला विकतो. किंमत आधीच ठरलेली असते. याला मुराबहा म्हणतात. जहाज रखडलं तरी किंमत दमडीनं वाढत नाही. पण नफा आम्हाला हलाल होतो तो एकाच कारणानं. मधल्या काळात माल आमचा असतो. बुडाला तर आम्ही बुडतो, कुजला तर आमचा कुजतो. तेवढी जोखीम घेतली नाही तर आमचा नफा म्हणजे दुसऱ्या नावाचं व्याजच. वर्गात मी हे शिकवतो तेव्हा याच वाक्याला थांबतो.

परदेशात जाऊन खरेदी करायला बँकेकडे माणसं नाहीत. म्हणून आणणाऱ्यालाच आम्ही आमचा प्रतिनिधी नेमतो. तो आमच्या वतीनं माल घेतो, माल बंदरावर येऊन तपासला जातो, आणि मग आम्ही तो त्याला विकतो. दोन पायऱ्या. मंडळावर आम्ही तिघं आहोत. अध्यक्ष माझे उस्ताद, ज्यांच्याकडे मी शिकलो. दुसरा मी. आणि तिसरे एक सज्जन, जे उस्तादांनी मान हलवली की स्वतःचीही हलवतात. बैठक आठव्या मजल्यावर होते. तिथलं एसी इतकं गार असतं की उस्ताद शाल घेऊन येतात.

तुझ्या तुलनेत काय निघेल ते मी आत्ताच सांगतो. मधल्या काळात बँक मालक असल्यामुळे बँक धावेल, आणि आमचा माल लवकर सुटेल. वीस वर्षं मी हे मांडतो आहे, पण दाखवायला आकडा नव्हता. तो तुझ्याकडून मिळावा यात मला आनंद आहे.

आईंना सांग, आता एकदाच भात घेतो. डॉक्टरांचा निवाडा.

तुझा,
काझी

२० मार्च

प्रिय काझी,

निकाल आला. तुला आवडणार नाही, म्हणून आधी तुला लिहिते.

तुमचा माल आणि व्याजवाल्यांचा माल बंदरावर सारखाच रखडतो. मालाचा प्रकार, हंगाम, जहाज, सगळं जुळवून पाहिलं. फरक नावालाही उरत नाही. तपासणीला दोघांना तेवढाच वेळ, कागदांना तेवढाच.

याचे अर्थ दोन. एक, झळ बसल्यानं कोणी धावत नाही. हे मला पटत नाही, कारण व्याजवाल्यांकडे ज्याचं कर्ज मोठं तो लवकर माल सोडवतो असं स्पष्ट दिसतं. दुसरा अर्थ, तुमच्या बँकेला झळ बसतच नाही. ती मालक आहे ती सहीपुरती. बंदरावर धावतो तो आणणाराच, दोन्हीकडे.

तुमच्या विभागप्रमुखांचा फोन आला होता. ते खूश आहेत. “म्हणजे आम्ही इतर बँकांच्या तोडीस तोड आहोत, असं छापता येईल ना?” म्हणाले. मी म्हटलं, तसंही म्हणता येईल.

फरक नाही हेही एक उत्तर असतं. तू रागावू नकोस.

सरासरी

४ एप्रिल

सरासरी,

रागावलो नाही. थोडा रागावलो होतो, म्हणून दोन आठवडे लिहिलं नाही.

तू ‘सहीपुरती’ हा शब्द सहज लिहून गेलीस. त्या शब्दावर माझं आयुष्य उभं आहे. पण सध्या तो बाजूला ठेवू. मागच्या आठवड्यात मी यार्डात गेलो होतो, ते सांगतो.

शहराबाहेर टेकडीवर एका बाईंची रोपवाटिका आहे. त्या आणि त्यांची बहीण मिळून चालवतात. सफरचंदाची कलमं त्यांनी आमच्यामार्फत परदेशातून मागवली. अशी कलमं झोपलेल्या अवस्थेत येतात, मुळं ओल्या भुश्शात गुंडाळून, थंड कंटेनरमधून. कंटेनर यार्डात विजेच्या प्लगला लावून ठेवतात. थंडी राहिली तर झाड झोपून राहतं. थंडी गेली की त्याला वाटतं, ऋतू बदलला.

जानेवारीत कंटेनर उतरला, पण तपासणीत एक दाखला अपुरा निघाला आणि तो अडकला. यार्डाचे आगाऊ भरलेले विजेचे पैसे संपले. बाई भरायला गेल्या तर यार्डवाले म्हणाले, मालकाचा शिक्का आणा. मालक त्या दिवशी आम्ही. बाई आमच्याकडे आल्या तर विभाग म्हणाला, आधी विक्रीच्या कागदावर सही करा, म्हणजे माल तुमचा, मग काय ते भरा. बाई म्हणाल्या, तपासणी न झालेल्या मालावर मी सही कशी करू? विभागानं फाइल मुख्य कार्यालयाला पाठवली. यार्डानं प्लग काढला.

दार उघडलं तेव्हा बाई, यार्डाचा मुकादम, विभागातला एक कारकून आणि मी असे चौघं होतो. दार उघडायला आधी कोणी हात लावेना, कारण उघडेल तो मालक ठरेल की काय, अशी कारकुनाला भीती. शेवटी मुकादमानं सील कापलं. आत वाफ होती. कलमांना अंधारातच कोंब फुटले होते. लांब, पांढुरके, एकही पान हिरवं नाही. खालच्या थरांना बुरशी चढली होती.

बाईंनी एक जुडी घेतली, अंगठ्याच्या नखानं साल खरवडून आत पाहिलं आणि खाली ठेवली. दुसरी घेतली, तसंच केलं. तिसरी हातात घेतली आणि खरवडली नाही. मला म्हणाल्या, “तुम्ही बँकेचे ना? माझा माल असता तर मी त्याच दिवशी पैसे भरले असते. मला भरू दिलं नाही.”

आता आमचा विभाग म्हणतो की प्रतिनिधी म्हणून माल सांभाळणं बाईंचंच काम होतं. हयगय त्यांची, नुकसान त्यांचं, आणि ठरलेली किंमत त्यांनी द्यावी. रोपवाटिकेची जमीन आमच्याकडे तारण आहे. प्रकरण मंडळापुढे आलं आहे.

तुझ्या सरासरीत या बाई कुठे बसतात, ते कळव.

काझी

१५ एप्रिल

प्रिय काझी,

एका प्रकरणावरून काही सिद्ध होत नाही. असं एक प्रकरण मी तुला व्याजवाल्यांचंही देईन. माणूस समोर उभा राहिला की आपल्याला तोच सगळा बाजार वाटायला लागतो. याच सवयीवर औषध म्हणून सरासरी शोधली आहे.

बाईंचं वाईट झालं. तुमचं मंडळ योग्य तेच करेल.

सरासरी

२८ एप्रिल

काझी,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे.

मागचं पत्र टाकल्यावर मला वाटलं, निदान त्यांची ओळ शोधून त्या सरासरीच्या किती दूर आहेत ते तुला कळवावं. शोधली. ती ओळच नाही. मूळ नोंदींत आहे, माझ्या तक्त्यात नाही.

मग कारण लक्षात आलं. उशीर म्हणजे माल उतरल्यापासून सुटेपर्यंतचा काळ. जो माल सुटलाच नाही त्याला सुटल्याची तारीख नाही. तारीख नाही म्हणजे नोंद अपुरी. आणि अपुऱ्या नोंदी गाळा, असं कामाच्या सुरुवातीलाच मी साहाय्यकाला सांगितलं होतं. सगळेच तसं सांगतात. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त उशीर झाला, इतका की माल तिथेच संपला, नेमके तेच माझ्या उशिराच्या अभ्यासात नाहीत. पहिल्या वर्षाच्या मुलानं हे केलं असतं तर मी त्याला वर्गात उभं केलं असतं.

त्या ओळी परत घेऊन सगळं पुन्हा मांडलं. आता फरक आहे, काझी. पण तुला हवा होता त्याच्या उलट. बेवारस होऊन संपलेला माल व्याजवाल्यांकडेही असतो. तुमच्याकडे तो दुपटीहून जास्त आहे. आणि तो कुठे अडकतो तेही दिसतं. प्रतिनिधीनं माल घेतल्यावर आणि बँकेनं तो विकण्याआधी. तुझ्या दोन पायऱ्यांच्या मध्ये. व्याजवाल्यांचा माल पहिल्यापासून आणणाऱ्याचाच असतो, त्यामुळे तो रडत, कुढत, उसनंपासनं करून का होईना, सोडवतो. तुमच्याकडे त्या मधल्या काळात माल कोणाचाच नसतो.

मजकूर बँकेला दाखवायचं मी लिहून दिलं आहे. बँकेच्या आधी तुला पाठवते आहे. सोबत पानं जोडली आहेत. नीट वाच. माझ्या गणितात चूक सापडली तर बरंच होईल.

सरासरी

२ जून

काझीसाहेब,

महिना उलटला, तुमचं उत्तर नाही. पोस्टावर संशय घ्यायचे माझे दिवस संपले.

परवा बँकेचं पत्र आलं. माझी परवानगी रद्द केली आहे आणि नोंदी परत मागितल्या आहेत. मजेची गोष्ट अशी की मी बँकेला अजून काहीच दाखवलेलं नाही. ती पानं मी एकाच माणसाला पाठवली होती.

विभागात फोन केला. ज्या कारकुनानं घेतला तो म्हणाला की तुम्ही आता बैठकांना येत नाही, जास्त त्याला माहीत नाही. तुम्ही पानं त्यांच्या हातात दिलीत आणि मग शरमेनं घरी बसलात, एवढंच मला त्यावरून जुळवता येतं. वीस वर्षांचं काम वाचवायचं असेल तर माणूस काय करेल हे मी समजू शकते. मला आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आईला अजून काही सांगितलेलं नाही.

१९ जून

प्रिय सरासरी,

पत्राखाली सही करायला विसरलीस. राग आला की तू परीक्षेतही क्रमांक घालायला विसरायचीस.

तुझं जुळवणं अर्धं बरोबर आहे. पानं बँकेकडे माझ्यामुळेच गेली. बाकीचं चुकलं आहे. पण त्यात तुझी चूक नाही, कारण एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. मी यार्डाचं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशीच मंडळाचा निकाल लागला होता. ‘प्रकरण मंडळापुढे आलं आहे’ असं मी लिहिलं. आलं होतं आणि गेलंही होतं. दोन विरुद्ध एक. बाईंनी हयगय केली, नुकसान त्यांचं. एक मत माझं होतं. हरलो हे तुला लिहायची माझी तयारी नव्हती.

मग तुझी पानं आली. पहिल्यांदा वाचली तेव्हा, खरं सांगतो, चूकच शोधत होतो. दोन दिवस शोधली. नंतर ती घेऊन उस्तादांच्या घरी गेलो. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर पहिला मजला, जिना इतका अरुंद की आडवं व्हावं लागतं. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, पट्टी होती. म्हणाले, वाचून दाखव. रोज दुपारी जाऊन वाचलं. तुझे तक्ते मोठ्यानं वाचणं ही शिक्षाच आहे. सूनबाई चहा ठेवायला आल्या की दारातच थांबून ऐकायच्या, आणि मग चहा गार व्हायचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “ही मुलगी आपल्यातली आहे?”

“नाही.”

“मग बरं. तिला आपल्याला खूश करायचं नाही.”

वाचून संपलं तेव्हा ते म्हणाले, “निकाल देताना मला वाटलं, बाईंनी हयगय केली. एक माणूस हयगय करतो. इतकी माणसं एकाच पायरीवर हयगय करत नाहीत. तिथे पायरीच नसणार. आपण प्रतिनिधीवर सांभाळायची जबाबदारी टाकली आणि सांभाळायचा हक्क दिला नाही. मग माल आपलाच होता, आणि कुजला तोही आपलाच.”

मी म्हणालो, “निकाल फिरवला तर बँक विभाग बंद करेल. जोखीम खरंच घ्यायची म्हटली तर छोट्या माणसाचा व्यवहार त्यांना परवडणार नाही.”

“करेल बंद.”

“उस्ताद, वीस वर्षं झाली.”

“तू विभाग वाचवायला आला आहेस, की निकाल विचारायला?”

पट्टी असल्यामुळे त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं, ते एक बरं झालं.

दुसरा निकाल त्यांनी सांगितला आणि मी लिहून घेतला. माल बँकेचा होता. बाईंना तो विकला गेलाच नव्हता, म्हणून किंमत मागता येत नाही. तिसऱ्या सज्जनांनी मान हलवली. आधार म्हणून तुझी पानं निकालाला जोडायला उस्तादांनी सांगितलं, आणि मी जोडली. तुला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू बँकेच्या अटीचं सांगितलं असतंस, म्हणून विचारलं नाही. हे मी ठरवून केलं.

मंडळाचा निकाल बँकेला पाळावाच लागतो, तो त्यांनी पाळला. बाईंच्या जमिनीचे कागद परत मिळाले. पाठोपाठ तुझी परवानगी रद्द झाली, आणि गेल्या आठवड्यात छोट्या आयातदारांचा विभागही. आता फक्त दोन मोठ्या कंपन्यांचं पोलाद येतं. पोलाद कुजत नाही. त्यासाठी मंडळाला फारसं विचारावं लागत नाही, म्हणून बैठका नाहीत. मी शरमेनं घरी बसलेलो नाही. निकाल फिरवल्यापासून मला कोणी बोलावत नाही, एवढंच.

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण विभाग वाचेल अशी आशा शेवटपर्यंत होती. वाचला असता तर ती बातमी घेऊन लिहिणार होतो.

तुझा,
काझी

८ जुलै

प्रिय काझी,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. सगळं ऐकून ती म्हणाली, “आणि तू त्याला ‘तुम्ही’ लिहिलंस?” ते पत्र फाडून टाक.

मूळ नोंदी मी परत पाठवल्या. पण तुमच्या निकालाची प्रत कोणालाही मागता येते असं आमच्या वकिलांनी शोधून काढलं, आणि माझी पानं आता तिचा भाग आहेत. म्हणजे तू न विचारता केलंस त्यामुळेच मला ते छापता येणार आहे. यावर आभार मानायचे की भांडायचं ते ठरलेलं नाही. दोन्ही समोरासमोर करू.

मजकूर नियतकालिकाकडे पाठवला आहे. शेवटचा भाग पुन्हा लिहिला. तुमची पद्धत वाईट आहे असा माझ्या निष्कर्षाचा अर्थ काढणारे पुष्कळ निघतील. म्हणून मी स्पष्ट लिहिलं आहे की ती पद्धत तिच्या स्वतःच्या नियमानं चालवली गेली नाही, आणि नियमानं चालवायची वेळ आली तेव्हा बंद करण्यात आली. त्यामुळे ती चालली असती का, हे माझ्या आकड्यांना माहीत नाही. एका परीक्षकानं शेरा मारला की हे वाक्य अर्थशास्त्राचं नाही. मी ते ठेवलं आहे.

तू सध्या काय करतोस? आणि रोपवाटिकेच्या बाईंचं काय झालं? तुझ्या पत्रात जमिनीचे कागद आले, बाई आल्या नाहीत.

तुझी,
सरासरी

३० नोव्हेंबर

प्रिय सरासरी,

तुझा लेख मिळाला. उस्तादांची पट्टी निघाली आहे. त्यांनी तो स्वतः वाचला, आणि मी वाचताना दोन तक्ते गाळले होते ते पकडलं. परीक्षकाला खटकलेलं ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं.

मी दुपारच्या वर्गांना करारशास्त्र शिकवतो. मुलं थोडी आहेत, प्रश्न बरेच विचारतात. जोखीम घेतली नाही तर नफा म्हणजे व्याजच, या वाक्याला मी अजून थांबतो, पण आता पुढेही बोलावं लागतं.

बाईंचं तू विचारलंस तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं, म्हणून उत्तर दिलं नाही. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. नवीन कलमं आली आहेत, वेळ असेल तर या, म्हणाल्या. का बोलावलं असावं याचा विचार करत बसनं टेकडीवर गेलो. वाटलं, आभार मानायचे असतील. काय बोलायचं तेही वाटेत जुळवून ठेवलं होतं.

आभारांचा विषय निघाला नाही. त्यांची बहीण पाण्याचा पाइप ओढून आणत होती, दोन गडी चर खणत होते, आणि बाई जुड्या सोडत होत्या. मी विचारलं, “ही कशी आणलीत?”

“साध्या बँकेतून. कर्ज काढलं.”

“व्याजानं?”

“व्याजानं.” त्यांनी वर पाहिलं नाही. “तुम्हाला वाईट वाटेल, ठाऊक आहे. मलाही आधी नको वाटत होतं, म्हणून तर तुमच्याकडे आले होते. वडील असते तर त्यांनी या झाडांची फळं तोंडात घातली नसती. पण कंटेनर लागला त्या दिवशी मी सकाळीच यार्डात गेले, पैसे भरले, दार उघडून बघितलं. कोणाला विचारावं लागलं नाही.”

मी जे जुळवून आणलं होतं त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. तुमचा निकाल योग्य होता, तुमची जमीन वाचली, विभाग बंद झाला तो असा असा. हे सगळं त्यांना माहीत होतं. माझी वीस वर्षं त्या बाईंच्या एका सकाळीसमोर ठेवून पाहिली. रडू आलं असं नाही. फक्त हातांचं काय करावं ते कळेना. दुसऱ्याच्या शेतात उभ्या असलेल्या माणसाचं होतं तसं.

त्यांच्या ते लक्षात आलं असावं. एक कलम त्यांनी चरात उभं केलं आणि म्हणाल्या, “हे धरा. मी माती लोटते.”

मी बूट काढून चरात उतरलो. माती गार होती. कलम माझ्या कमरेएवढं, बोटाएवढ्या जाडीचं.

“सरळ धरा,” त्या म्हणाल्या.

धरलं. संध्याकाळपर्यंत अशा दोन ओळी झाल्या.

तुझा,
काझी